न आलेल्या रुग्णाचे मत : गरज-पाहणीसाठी सहभागी कसे निवडावेत



कोणतीही नवी सेवा सुरू करण्यापूर्वी लोकांना काय हवे आहे हे विचारून घेण्याच्या पद्धतीस व्यापारी जगात बाजार-संशोधन म्हणतात. धर्मादाय रुग्णालयास नफा मिळवावयाचा नसतो. तथापि देणगीचा रुपया योग्य ठिकाणी खर्च व्हावा ही जबाबदारी आम्हांवर आहे, म्हणून अशी पाहणी आम्हांसही आवश्यक वाटते. या पाहणीचे यश प्रश्नावलीपेक्षाही प्रश्न कोणाला विचारले यावर अवलंबून असते. त्या निवडीची रीत येथे थोडक्यात मांडत आहोत.

बाह्यरुग्ण विभागातील अभिप्रायवही आपण पाहिली असेल. तिच्यात बहुधा समाधानाचे शब्द असतात आणि ते वाचून आम्हांस आनंदही होतो. परंतु त्या वहीत जो रुग्णालयापर्यंत पोहोचला, ज्याला उपचार मिळाले आणि ज्याला लिहिता येते, तोच लिहितो. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, भाड्याच्या पैशांअभावी जो घरीच राहिला, त्याचे मत त्या वहीत कधीच येत नाही.

याचा धडा विदर्भातच घालून दिलेला आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत जाऊन स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार आढळले. मात्र यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. केवळ दवाखान्याच्या नोंदी पाहिल्या असत्या, तर त्या गावांत हा आजार जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष निघाला असता. पुढे त्यांच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींनाच विचारून त्यांच्या वस्तीसारखे, झोपड्यांच्या रचनेचे रुग्णालय उभारले.

आमच्यापुढील प्रश्नही असाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार लागू झालेल्या योजनेत धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. या खाटा ज्यांच्यासाठी आहेत त्यांना त्या ठाऊक आहेत काय? ठाऊक असल्यास उत्पन्नाचा दाखला, प्रवासखर्च, बुडणारी मजुरी की मनातील संकोच, नेमके काय आड येते? ज्याला या खाटांची माहितीच नाही तो त्या मागण्यास येणार नाही. म्हणून त्याच्याकडे आपणच गेले पाहिजे.

अशा पाहणीत सहभागींचे तीन गट करावे लागतात : खाट मिळालेले, चौकशी करून परत गेलेले आणि कधीच न आलेले. पहिल्या गटाची नावे नोंदवहीत असतात. दुसऱ्या गटासाठी चौकशी खिडकीवर नोंद ठेवावी लागते. तिसरा गट शोधणे सर्वांत कठीण असते. त्यासाठी परिसरातील गावांची यादी करून चिठ्ठ्या टाकून गावे निवडावीत आणि निवडलेल्या गावात ठरावीक अंतराने घरे घ्यावीत. गावकुसाबाहेरील वस्ती व शेतातील घरे वगळू नयेत. पिवळी वा केशरी शिधापत्रिका आहे काय, गेल्या वर्षभरात घरात कोणी आजारी होते काय, असे दोन-तीन प्रश्न आधी विचारून निवड पक्की करावी. सरपंचांनी चावडीवर जमविलेली मंडळी सोयीची असतात, परंतु ती बहुधा एकाच वर्तुळातील असतात. आशाताई घर दाखवू शकतील. मुलाखतीच्या वेळी मात्र त्यांनी बाहेर थांबावे.

वेळेचेही भान हवे. सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी चालू असताना दुपारी घरी वृद्ध आणि मुलेच भेटतात. ज्यांना विचारावयाचे ते शेतात असतात. तेव्हा संध्याकाळी जावे. गटचर्चा सहा ते आठ जणांची असावी. काही जण येऊ शकत नाहीत, म्हणून दहांना निमंत्रण द्यावे. स्त्रियांची चर्चा वेगळी ठेवून ती स्त्री कार्यकर्तीनेच घ्यावी.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः प्रश्न विचारू नयेत. खाटेवर पडलेला रुग्ण त्यांच्यापुढे तक्रार कशी सांगणार? 'सगळं बरं आहे, साहेब' हेच उत्तर येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती स्वेच्छेने दिलेली असावी, यावर भर आहे. नकार दिल्याने उपचारात अंतर पडणार नाही, हे प्रत्येकास स्पष्ट सांगावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्रयस्थ साक्षीदारासमोर संमतिपत्र वाचून दाखवावे. बसभाडे व बुडालेली मजुरी द्यावी, परंतु केवळ पैशासाठी होकार द्यावा लागेल इतकी रक्कम असू नये. नावे व उत्तरे वेगवेगळी ठेवावीत. किती जणांनी नकार दिला व किती घरे बंद आढळली, हेही अहवालात नमूद करावे. अन्यथा वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

देणगीदारांस आमची विनंती आहे की, या कामाच्या खर्चाकडे गौण म्हणून पाहू नये. वॉर्डावर नावाची पाटी लागते, तशी पाहणीवर लागत नाही. परंतु पुढील वॉर्ड कोणासाठी बांधावा हे पाहणीच सांगते. रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती ही की, आमचा कार्यकर्ता आपल्या दारी आला तर जे खुपले तेही मोकळेपणाने सांगावे. बोलावयाचे नसल्यास तसे सांगण्याचाही आपणांस पूर्ण अधिकार आहे. आपल्या शेजारी एखादे आजारी माणूस असेल आणि ते रुग्णालयात येत नसेल, तर त्या घरी जाण्याची वाट आम्हांस अवश्य दाखवावी.