हळदीची डबी आणि हळदीची बाटली

परवा लोहाऱ्याला मावशीकडे गेलो, तर फडताळात मिसळणाच्या डब्याशेजारी एक नवी बाटली दिसली. आत केशरी कॅप्सूल, वर लेबल : ‘हळदीचा अर्क, अँटिऑक्सिडंट’. गुडघे दुखतात म्हणून पुण्याच्या लेकाने पाठवलेली. ‘‘हळदच हाय की रं, तिनं काय व्हतंय?’’ मावशी म्हणाली. पण हृदयविकाराच्या झटक्यापासून ती रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घेते, हे लेकाच्या ध्यानात आले नव्हते.

शरीरात प्राणवायूच्या वापरातून काही उनाड कण तयार होतात आणि पेशींना इजा करतात. त्यांना आवरणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. हळदीतले असे द्रव्य कर्क्युमिन. त्यानेच हळद पिवळी दिसते.

हळदीच्या गुणांबद्दल आपल्याला कोणी शिकवायला नको. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे चक्क पेटंट मिळाले होते! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पण तो वाद आजीबाईच्या बटव्यातल्या हळदीचा होता, बाटलीतल्या अर्काचा नव्हे.

फरक हिशेबाने पाहा. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. ५०० मिलिग्रॅमच्या एका तीव्र कॅप्सूलमधले कर्क्युमिन स्वयंपाकातून मिळवायचे, तर पाच-सहा चमचे हळद खावी लागेल. वर ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले, की मिऱ्यातल्या पिपरीनबरोबर दिल्यास रक्तातले प्रमाण वीसपट होते. तेव्हापासून पुष्कळ कॅप्सूलमध्ये मिरे शिरले. फोडणीच्या भाजीत हळद-मिरे एकत्र येतात, पण चिमूटभर!

गुडघेदुखीवर काही लहान चाचण्यांत कर्क्युमिनने आराम दिसला आहे, हे मान्य करायला हवे. पण त्या चाचण्या थोड्या माणसांवर आणि थोड्या आठवड्यांच्या. दुसरी बाजूही पाहा. २०२२ मध्ये अमेरिकेतील यकृततज्ज्ञांनी हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. अशी इजा विरळा, पण होते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, पित्ताशयात खडे असतील तर दुखणे चाळवते.

‘झाडपाल्याचे’ म्हणजे निर्धोक, हा समज गाजरातल्या बीटा-कॅरोटीननेही खोटा ठरवला होता. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, १८ टक्के जास्त आढळला.

मावशीला बाटलीसकट डॉक्टरांकडे नेले. त्यांनी लेबल वाचले, तिच्या गोळ्यांची चिठ्ठी पाहिली आणि कॅप्सूल बंद करायला सांगितल्या. ‘‘मग वरणात टाकू का नको?’’ तिचा खरा प्रश्न हा होता. ‘‘टाका की!’’ डॉक्टर हसले. घरी आल्यावर मावशीने बाटली रिकामी केली, धुऊन उन्हात वाळवली आणि तिच्यात मोहरी भरली.