पुरवठादार-निवड, समारंभांतील

पुरवठादार-निवड, समारंभांतील : संमेलन, प्रदर्शन, क्रीडास्पर्धा, विवाहसोहळा यांसारख्या मोठ्या समुदायाच्या कार्यक्रमासाठी मंडप, वीज, ध्वनिक्षेपण, भोजन, पाणी, स्वच्छता, सुरक्षा इ. सेवा बाहेरच्या व्यावसायिकांकडून घेताना करावयाची पारख व करारनिश्चिती. खेड्यांतील लग्नकार्यात ही कामे पूर्वी बव्हंशी भाऊबंद व बलुतेदार करीत, त्यामुळे निवडीचा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे. मंडपवाले, आचारी, रोषणाईवाले हे स्वतंत्र व्यवसाय स्थिरावल्यावर तो महत्त्वाचा ठरला.

वस्तूंच्या खरेदीहून ही निवड एका बाबतीत वेगळी आहे. सदोष वस्तू परत करता येते; समारंभ मात्र ठरल्या दिवशी एकदाच होतो व त्यातील उणीव नंतर भरून काढता येत नाही. म्हणून केवळ किमान दराच्या कसोटीवर केलेली निवड बहुधा महाग पडते. सार्वजनिक संस्थांत याकरिता दोन लिफाफ्यांची पद्धत रूढ आहे. पहिल्या लिफाफ्यात अनुभव, मनुष्यबळ, साधनसामग्री व परवाने यांचा तपशील असतो आणि त्यात पात्र ठरणाऱ्यांचाच दराचा दुसरा लिफाफा उघडला जातो. दर तुलनीय व्हावेत, यासाठी कामाचे परिमाण आधीच निश्चित करावे लागते : पानांची संख्या, मंडपाचे क्षेत्रफळ, विजेचा एकूण भार, जनित्राची सोय, उभारणीचा व आवराआवरीचा अवधी. हे न ठरविता मागविलेली दरपत्रके एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. कागदोपत्री अनुभवापेक्षा त्या व्यावसायिकाचे चालू असलेले काम प्रत्यक्ष पाहणे अधिक उपयुक्त. आचाऱ्याच्या बाबतीत तर पदार्थांच्या चवीइतकेच पाणी, भांडी व साठवण यांकडे लक्ष द्यावे लागते. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये भोजन पुरविणाऱ्यास नोंदणी वा परवाना आवश्यक आहे.

मंडप व वीज यांबाबतची हयगय जीवघेणी ठरते. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या बक्षीससमारंभात शामियान्याच्या कृत्रिम धाग्यांच्या कापडाने पेट घेऊन चारशेहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या; त्यांत शाळकरी मुलांची संख्या मोठी होती. तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेविषयी भारतीय मानक (आय. एस. ८७५८) उपलब्ध आहे. कृत्रिम कापड व दोर वापरू नयेत, छताची उंची ३ मी. हून कमी नसावी, विद्युत्‌वाहक तारांखाली मंडप उभारू नये, अशा त्यातील शिफारशी करारातच अटी म्हणून घालणे इष्ट होय.

काम कंत्राटदाराकडे सोपविले की जबाबदारीही त्याच्याकडे गेली, हा आयोजकांमधील सार्वत्रिक समज निराधार आहे. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमधील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात लागलेल्या आगीत ६५ जण दगावले. उभारणीचे काम स्वतंत्र कंत्राटदाराचे होते, असा आयोजकांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला : प्रेक्षक आले होते ते आयोजकांच्या निमंत्रणावरून, कंत्राटदाराच्या नव्हे. नुकसानभरपाईचे दायित्व आयोजक ६० टक्के व राज्यशासन ४० टक्के असे विभागण्यात आले.

निवडीस झालेला विलंब हा दोषाचा आणखी एक उगम. दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद २००३ मध्येच मिळाले होते. तरीही निर्णय लांबले आणि अखेरीस निकडीची सबब सांगून काही कामे पुरेशा स्पर्धेविना दिली गेली, असा ठपका भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात ठेवला.

याउलट लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत पुरवठादार वेळीच नेमला होता, परंतु कामाचा आवाका मागाहून वाढला. सुमारे २,००० पहारेकऱ्यांचा मूळ करार डिसेंबर २०११ मध्ये १०,४०० पर्यंत वाढविण्यात आला. एवढी माणसे भरती व प्रशिक्षित करणे कंपनीस जमले नाही, हे उद्‌घाटनापूर्वी जेमतेम दोन आठवडे उघड झाले आणि ३,५०० जादा सैनिक तैनात करावे लागले. एवढ्या मोठ्या कामात सर्व भार एकाच पुरवठादारावर टाकणे धोक्याचे असते. दुसऱ्या क्रमांकाच्या निविदाकारास राखीव ठेवणे, भरतीची टप्प्याटप्प्याने तपासणी करणे आणि देयकाचा काही भाग काम पूर्ण होईपर्यंत रोखून धरणे, हे त्यावरील रूढ उपाय होत.