इंग्रजी देवी नको, शब्दकोश हवा!

नायगाव म्हटले की तमाम बहुजनांना सावित्रीमाई आठवतात. ३ जानेवारी १८३१ रोजी माईंचा जन्म झाला ते नायगाव सातारा जिल्ह्यातले. १८५४ साली निघालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे, असे त्यांनी बजावून ठेवले. आम्हाला बोलायचे आहे ते दुसऱ्या नायगावाबद्दल, नांदेड-हैदराबाद रस्त्यावरच्या, तेलंगणाच्या सीमेजवळच्या तालुक्याच्या गावाबद्दल. माईंनी सांगितलेली इंग्रजी एकशे सत्तर वर्षांनंतर तरी येथल्या आमच्या वस्तीत पोचली काय?

पोचली, पण अर्धीच. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. आज आमचा पोरगा मोबाइल चालवतो, अर्ज भरतो, दुकानावरच्या पाट्या वाचतो. पण कोर्टाचा निकाल, कायद्याचे पुस्तक, इंग्रजी पेपरचा अग्रलेख हाती दिला की तिसऱ्या ओळीत अडतो. त्याला व्याकरण येत नाही असे नाही. त्याच्याजवळ शब्द नाहीत.

याची किंमत काय, ते समाजाने नीट समजून घ्यावे. संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज प्रामुख्याने इंग्रजीत चालते. नांदेड जिल्ह्यातले ॲट्रॉसिटीचे प्रकरण अपिलात औरंगाबाद खंडपीठापुढे गेले, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच घरात तो निकाल कोणाला वाचता येत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० गुणांचा असतो. त्यात २५ टक्के पडले नाहीत तर बाकीचे पेपर गुणांसाठी धरलेच जात नाहीत. परदेशी शिकायला केंद्राची आणि राज्याची शिष्यवृत्ती आहे, पण परदेशातली बहुतेक विद्यापीठे प्रवेश देण्याआधी इंग्रजीची चाचणी मागतात. जागा आमच्या हक्काची, पैसा सरकारचा, आणि दारात अडवतो तो शब्द!

यात पोरांचा दोष नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूत. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, पुढे तेच मिलिंद म्हणून नावारूपाला आले. तेव्हा कोठे आमच्या माणसांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. ज्यांच्या घरात चार पिढ्या इंग्रजी पुस्तके आहेत त्यांच्याशी आमच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीची शर्यत लावायची आणि हरला की 'गुणवत्ता नाही' म्हणायचे, हा प्रस्थापितांचा जुनाच कावा आहे.

यावर काहींनी वेगळाच तोडगा काढला. २०१० साली उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी जिल्ह्यात बांका या गावी इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली. त्यामागे चंद्रभान प्रसाद यांच्यासारखे विचारवंत होते. इंग्रजीचे महत्त्व समाजाच्या मनावर ठसावे हा त्यांचा हेतू आम्हाला कळतो. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला नवी देवी कशाला? देवीपुढे हात जोडल्याने शब्द येत नाहीत. शब्दकोश उघडल्याने येतात.

मग किती शब्द हवेत? बाजारातले क्लासवाले तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीचे आमिष दाखवतात, नाहीतर अवघड शब्दांच्या जाड याद्या पाठ करायला लावतात. आधी ढाक्यात शिक्षक असलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार पायाभूत शब्दांची यादी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडच्या ॲव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली त्यापुढची, उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत सतत येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी तयार केली. एका शब्दापासून बनलेले सगळे शब्द मिळून एक शब्दकुल. पायाचे शब्द पक्के असतील आणि रोज दोन कुले नीट शिकली, तर ५७० कुलांना २८५ दिवस लागतात. वर्षसुद्धा नाही.

आणि हे शब्द शिकायला आमच्याजवळ जे पुस्तक आहे ते कोणत्याही क्लासजवळ नाही. बाबासाहेबांचे बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीतच आहेत. राज्य सरकारने काढलेले त्यांचे खंड काढा आणि १९३६ चा 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' वाचायला घ्या. 'निहिल' म्हणजे लॅटिनमध्ये 'काहीही नाही'. म्हणून ॲनिहिलेशन म्हणजे जात सुधारणे नव्हे, तिचा मागमूस न ठेवणे. त्याच पुस्तकात 'सोशल एन्डॉस्मोसिस' असा शब्दप्रयोग भेटतो. लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्या आमच्या मुलीला ऑस्मोसिस जीवशास्त्रात पाठ आहे. पडद्यातून द्रव झिरपतो तसा माणसांचा व्यवहार एका समूहातून दुसऱ्या समूहात झिरपला पाहिजे, हा त्याचा अर्थ. हा शब्द बाबासाहेबांनी त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्याकडून घेतला. 'ग्रेडेड इनइक्वॅलिटी' घ्या. 'ग्रेड'च्या मुळाशी पायरी आहे. त्याच मुळाचा ग्रॅज्युएट म्हणजे पायरी चढलेला आणि डिग्रेड म्हणजे पायरीवरून खाली ढकलणे. 'एमॅन्सिपेशन'च्या पोटात 'मानुस' म्हणजे हात आहे. मालकाच्या हातातून सुटणे म्हणजे मुक्ती. मॅन्युअल, मॅनस्क्रिप्ट, मॅन्युफॅक्चर ही त्याचीच भावंडे. एक मूळ धरले की चार शब्द हाती येतात, आणि सोबत विचारही येतो.

पद्धत साधी आहे. दोनशे पानी वही करावी. शब्द, त्याचे मूळ, मराठी अर्थ, तो जेथे भेटला ते वाक्य आणि आपले स्वतःचे एक वाक्य, एवढे लिहावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तेच पान झाकून आठवावे. हेरमान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवून दिले, की शिकलेले सुरुवातीलाच भराभर विसरते आणि अंतराअंतराने उजळणी केली की टिकते. शब्दकोशाचा कंटाळा करणाऱ्यांनी सरकारने छापलेला बाबासाहेबांचा सोळावा खंड पाहावा. त्यात त्यांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश आहे. एवढा विद्वान माणूस एकेक शब्द गोळा करत बसला, मग आम्हाला लाज कसली?

काही जण म्हणतील, इंग्रजीच्या नादात मराठी जाईल. असे म्हणणाऱ्या कित्येकांची पोरे कोणत्या शाळेत जातात, ते एकदा विचारून घ्यावे. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला आणि प्रबंध इंग्रजीत लिहिले. त्यांना दोन्ही भाषा हव्या होत्या. नायगाव-नरसीच्या बाजारात आमची माणसे मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तीन भाषांत सौदा करतात. त्यांच्या पोरांना चौथी भाषा जड जाईल, हे आम्ही मानत नाही.

आता काम समाजाचे आहे. दरवर्षी भीमजयंतीला वर्गणी गोळा होते आणि त्यातला मोठा वाटा डीजेवर जातो. यंदा त्यातूनच प्रत्येक बुद्धविहारात एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश, बाबासाहेबांचे खंड आणि एक इंग्रजी दैनिक सुरू करा. वंदना झाल्यावर अर्धा तास पोरांनी एक पान मोठ्याने वाचावे, अडलेला शब्द फळ्यावर लिहावा. शिकलेल्या नोकरदारांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. १४ एप्रिलला सुरुवात केली तर २८५ वा दिवस २६ जानेवारीच्या आत येतो. त्या प्रजासत्ताकदिनी आपल्या विहारातल्या एका मुलीने संविधानाची इंग्रजी उद्देशिका वाचावी आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ वस्तीला मराठीत सांगावा. जयभीम!