सिद्धीचा हिशेब आणि कोरा कागद

चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचे. एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी त्या कथेतले एकेक पात्र व्हायचे. ‘मी दार फोडतो’, ‘मी त्या जखमी माणसाजवळ जातो’ असे कोणी म्हणाले, की ते जमले की नाही हे फाशांनी ठरवायचे. भूमिका-खेळ म्हणतात तो हाच. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन लहान पुस्तिकांत त्याचे नियम छापले आणि तिथून तो जगभर पसरला. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची गंमत आपल्याला नवी नाही. नाथांच्या भारुडात जोशी येतो, गोंधळी येतो, वासुदेव येतो. फक्त तिथे फासे नसतात.

नेऱ्याहून पनवेलला कॉलेजात जाणारा माझा भाचा मित्रांबरोबर हा खेळ खेळतो. यंदा त्यांनी देवगिरीच्या यादवकाळावर आपला डाव रचायला घेतला आणि त्याने मला विचारले, “मामा, संत हा पात्रवर्ग करायचा, तर त्याला शक्ती कोणत्या द्यायच्या?” विद्यापीठाची पायरी न चढता संतचरित्रे वाचत आलेल्या माणसाला हा प्रश्न सोपा वाटायला हवा होता. तो सोपा नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

मूळ खेळात पात्रांचे तीनच वर्ग होते : योद्धा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर चमत्कार करणारा धर्मपुरुष. आर्नेसनच्या टेबलावर एक रक्तपिपासू व्हॅम्पायर फार डोईजड झाला होता. त्याला आवरायला हा वर्ग जन्माला आला, असे सांगतात. त्याने धारदार शस्त्र वापरायचे नाही, आणि पहिल्या पातळीवर त्याला एकही मंत्र मिळत नाही. हे दुसरे मला फार आवडले. पुढे मात्र हिशेब सुरू होतो. पातळी चढेल तसे मंत्र वाढतात : जखम भरणे, रोग घालवणे, विष उतरवणे, प्राण्यांशी बोलणे, शेवटी मेलेल्याला उठवणे. पातळ्यांना नावेही आहेत, आणि त्यांत बिशपच्या वरची पायरी लामाची! ही चढण अनुभवांकांवर होते. ते राक्षस मारून मिळतात, पण मुख्यतः मिळतात भुयारातून आणलेल्या धनावर. एका सुवर्णनाण्याला एक अंक. पंधराशे अंक झाले की धर्मपुरुष दुसऱ्या पायरीवर.

यावर हसण्याआधी आपल्या घरची चरित्रे पाहावीत. महिपतीबुवांचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा. त्यातले आणि एकूण संतकथांतले चमत्कार काढून त्या यादीशेजारी मांडले, तर ओळीला ओळ जुळते. प्राण्यांशी बोलणे? पैठणला रेडा वेद बोलला. मेलेल्याला उठवणे? नेवाशाचे सच्चिदानंदबाबा. क्लेरिकला जे शेवटच्या टप्प्यावर मिळते, ते ज्ञानदेवांना पोरवयात. भाच्याने तशीच यादी केली होती आणि ज्ञानदेवांना थेट वरची पातळी दिली होती. कॅलेंडरांवर आणि पडद्यावर आपणही तेच करत आलो, म्हणून त्याला दोष देववत नाही.

पण या कथा पुन्हा वाचा आणि प्रत्येक चमत्कार कुठे येतो ते पाहा. चांगदेव घ्या. चौदाशे वर्षांचे वय, बसायला वाघ, हातात सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा लोंढा. या खेळाच्या भाषेत याच्यापुढे पातळीच नाही. आता हा माणूस ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतो आणि मायन्यालाच अडतो. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने मोठे म्हणून ‘तीर्थरूप’? ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आहे. त्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, तीच ‘चांगदेव पासष्टी’. मला या कथेत दोन पातळ्यांची अडचण दिसते. चांगदेवाच्या हाती असलेल्या मापाने समोरचा माणूस मोजताच येत नव्हता. भिंत चालली ती नंतर, आणि वाघाला उत्तर म्हणून चालली. तिच्यावर बसून कोणी लढाई जिंकली नाही.

नामदेवांचे तर याहून कठीण. देव त्यांच्या हातून नैवेद्य खातो. क्लेरिकचा कुठलाही मंत्र याच्या जवळ जात नाही. तरी गोरोबाकाकांनी मडकी पारखायच्या थापटण्याने संतांची डोकी ठोकली, तेव्हा कुरकुरले ते नामदेव, आणि कच्चे ठरले तेही नामदेवच. मग औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. तिथे गुरू पिंडीवर पाय ठेवून झोपलेला! पतंजलींच्या योगसूत्रांतही विभूतिपाद नावाचा आख्खा भाग सिद्धींचा, आणि त्याच भागात बजावले आहे की समाधीच्या वाटेवर याच सिद्धी आड येतात.

म्हणजे आपल्या कथांत शक्ती आहेत, भरपूर आहेत. पण पातळी मोजली जाते ती शक्ती असूनही काय सोडले यावर. सोन्याचेही तसेच. राका कुंभाराला वाटेत सोने दिसते. बायकोचे, बांकाचे, मन चळेल म्हणून तो त्यावर माती लोटतो, आणि ती विचारते, मातीवर माती कशाला टाकता? सुवर्णनाण्यांच्या नियमाने या जोडप्याला शून्य अंक.

असा खेळ आपल्याकडे होता. मोक्षपट. परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावावर घालते, पण अभ्यासकांच्या हाती आलेले पट बरेच नंतरचे. याकोब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकाने २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध पश्चिम भारतातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील अशा पटांवर आहे. यातूनच पुढे इंग्रजांची सापशिडी निघाली. उत्तरेकडच्या ७२ घरांच्या वैष्णव पटात वैकुंठ शेवटी नाही, ६८ व्या घरात आहे. ते ओलांडून पुढे गेलात तर ७२ व्या घरात तमोगुणाचा साप बसलेला, तो थेट पृथ्वीवर आणतो. वर चढणे म्हणजे पोचणे नव्हे, हे त्या पटाला ठाऊक आहे. मात्र त्यात खेळणाऱ्याला निवड नाही. कवड्या पडतील तसे जायचे. भूमिका-खेळात निवड आहे, आणि संतकथेचा जीव निवडीतच आहे. म्हणून मला भाच्याचा उद्योग पोरखेळ वाटला नाही.

मी सुचवलेला नियम साधा होता. या पात्राजवळ मंत्रांऐवजी ‘मान’ नावाचा एक आकडा असावा आणि प्रत्येक खरे काम तो आकडा खर्चूनच व्हावे. काळ नंतरचा, पण नाथांचे उदाहरण घ्या. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर घेतले. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले. यात दैवी शक्ती काडीचीही नाही. गेला तो पैठणच्या ब्रह्मवृंदातला मान. आमच्या नेऱ्यात कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे, त्यामुळे हे मला लवकर पटते. खेळातला क्लेरिक रोग घालवतो आणि पुढच्या भुयाराकडे निघतो. कुष्ठरोग आज बहुऔषध उपचाराने बरा होतो. पण बऱ्या झालेल्या माणसाला घरच्यांनी पुन्हा पंक्तीला घ्यायचे, हे गोळ्यांनी होत नाही. नाथांचे काम तिथे सुरू होते.

मुलांनी नियम घेतला, पण एक रकाना गाळला : जातीचा. खेळ आहे, त्यात ते कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी चोखोबांचे नाव काढले. ज्याला देवळात पाऊल टाकायची बंदी, मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून जो १३३८ साली गेला, ज्याची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, दाराबाहेर. ते दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. त्याच्याजवळ खर्चायला ‘मान’ कुठला? माझा नियम नाथांना लागू पडतो, चोखोबांच्या जवळ आला की मोडतो.

गंमत अशी, की १९७४ च्या पुस्तिकांत जन्माचे नियम होते. बुटक्या ड्वार्फ जमातीत जन्मलेल्या पात्राला सहाव्या पातळीपुढे चढता येत नसे, आणि क्लेरिक होण्याची मुभा फक्त माणसाला होती. पुढच्या आवृत्त्यांनी ही बंधने काढून टाकली, ते योग्यच. पण यादवकाळाच्या डावात ती परत आणावीत आणि सर्वांत खालच्या जन्माच्या पात्राला सुरुवातीपासून देऊळबंदी असावी, असे आता भाचाच म्हणतो. त्याच्या दोन मित्रांना ते मान्य नाही. तूर्त वहीत ‘चोखामेळा’ असे नाव लिहून पुढचे पान त्यांनी रिकामे ठेवले आहे.