मॅग्नेशियमचं बूच आणि हबसीगुड्याचं कोलेस्टेरॉल

हैदराबादच्या हिमायतनगरात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला लवकरच एक तेलुगू शब्द येऊ लागतो : पालु. दुकानदार तो उच्चारतो आणि त्याच क्षणी दुधाची पिशवी पुढे येते. आवाजाची आणि वस्तूची गाठ पडते, ती कायमची. मेंदूत ही गाठ मारतं कोण?

चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या सांध्यात, म्हणजे चेतासंधीत, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. एक पेशी त्या फटीत ग्लुटामेट सोडते, दुसरीच्या पटलातली ग्राही प्रथिनं ते टिपतात. त्यांतलं एनएमडीए हे प्रथिन विलक्षणच. ग्लुटामेट येऊन बसलं तरी त्याची वाट मोकळी होत नाही, कारण मधोमध मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. ऐकणारी पेशी त्याच वेळी स्वतःही उत्तेजित असेल, तरच तो निघतो. हे १९८४ साली उलगडलं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या का, हे एक रेणू ओळखतो! बूच निघालं की कॅल्शियम आत शिरतं, आणि त्याच्या सांगण्यावरून एएमपीए जातीची आणखी ग्राही प्रथिनं पटलावर येऊन बसतात. पुढच्या वेळी तोच संदेश जास्त ठळक ऐकू येतो. चेतासंधीची लवचिकता म्हणतात ती हीच. ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत टिपलेली अशी वाढ १९७३ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्यामागचा रेणू नंतर सापडला.

पण ऐकणारी पेशी उत्तेजित व्हायला कितपत तयार आहे, यात इतर ग्राही प्रथिनांचाही हात असतो. सेरोटोनिन-१ए त्यांपैकी एक. ते कामाला लागलं की पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी शांत होते, मॅग्नेशियम हलणं अवघड होतं. हे प्रथिन पेशीचं चरबीचं पटल सात वेळा आरपार ओलांडतं, म्हणजे त्याचा बराचसा भाग चरबीतच बुडालेला. ती चरबी नुसतीच भोवती असते, की तिचंही काही चालतं?

हा प्रश्न हिमायतनगरहून फार लांब नसलेल्या हबसीगुड्यातल्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. गुरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातली पटलं घेऊन त्यांनी त्यांतलं कोलेस्टेरॉल काढून घेतलं. प्रथिनाची टिपण्याची ताकद घटली. कोलेस्टेरॉल परत घातलं, ताकद परतली. मग त्यांनी कोलेस्टेरॉलऐवजी त्याच्या आधीच्या पायरीवरचा रेणू घालून पाहिला. फरक फक्त एका दुहेरी बंधाचा, तरी ताकद काही परतली नाही. मला या साऱ्या संशोधनातला हाच प्रयोग सर्वांत थरारक वाटतो. स्मिथ-लेमली-ओपिट्झ या जन्मजात विकारात शरीर त्याच पायरीवर अडकतं, आणि अशा बाळांची बौद्धिक वाढ खुंटते.

रक्ताच्या अहवालात आपण ज्याला घाबरतो, ते कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःपुरतं स्वतःच बनवतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण शरीरातलं २० टक्क्यांहून अधिक कोलेस्टेरॉल तिथेच असतं.