गाडी 'उचलत' नाही? इंजिनला हात लावण्याआधी हे साधं गणित वाचा!

कल्याण-बदलापूर रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, इथे टॉप स्पीडला कुणी विचारत नाही. इथे लागतो पिकअप! सिग्नल सुटतो, बाजूने रिक्षा घुसते, पुढच्या टेम्पोला मागे टाकायचं असतं आणि नेमकी त्याच वेळी गाडी ढिम्म.

मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी म्हणतं रेसिंग क्लच टाक, कुणी म्हणतं फ्लायव्हील हलकं कर, कुणी रुंद टायर सुचवतं. हे सगळे पार्ट इंजिन आणि रस्ता यांच्या मधले, म्हणजे ड्राइव्हट्रेनचे. पण यातल्या कशाने गाडी खरंच पळते आणि कशाने फक्त खिसा हलका होतो?

ताकद वाढते कुठे?

गिअरची सायकल आठवा. चढावर आपण हलका गिअर टाकतो. पायातली ताकद तेवढीच असते, पण चाकाला जोर जास्त मिळतो. बदल्यात पाय भराभर मारावे लागतात. गाडीतही हेच होतं.

आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणारी पेट्रोल स्विफ्ट घ्या. तिचं २०२१ ते २०२४ दरम्यानचं १.२ लिटरचं इंजिन जास्तीत जास्त ११३ न्यूटन मीटर टॉर्क देतं. हा टॉर्क आधी गिअरमधून जातो. मग चाकांकडे जाण्यापूर्वी दात्यांच्या आणखी एका जोडीतून जातो. तिला म्हणतात फायनल ड्राइव्ह. लहान चक्राला १० आणि मोठ्या चक्राला ४१ दाते असतील, तर रेशो झाला ४.१.

हिशोबासाठी दुसऱ्या गिअरचा रेशो १.९ धरू. मग ११३ × १.९ × ४.१ म्हणजे चाकांपर्यंत साधारण ८८० न्यूटन मीटर पोहोचतात. घर्षणात थोडे कमी होतात ते वेगळे. आता इंजिनला हातही न लावता फायनल ड्राइव्ह ४.४ केला, तर हाच आकडा ९४५ च्या आसपास जातो. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये सुमारे ७ टक्के जास्त जोर.

ड्राइव्हट्रेनमधल्या बदलांपैकी चाकाचा जोर थेट वाढवणारा बदल हाच. पण फुकट काहीच मिळत नाही. पाचव्या गिअरमध्ये १०० च्या वेगाला इंजिन मिनिटाला २,६५० फेरे घेत असेल, तर आता २,८५० घेईल. एक्स्प्रेस वेवर आवाज वाढणार, मायलेज उतरणार. शिवाय पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ही जोडी गिअरबॉक्सच्या पोटात असते. म्हणजे गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागतो आणि त्याच मॉडेलला बसणारी जोडी मिळावी लागते. ती मिळत नसेल, तर हा विषय तिथेच संपतो.

रुंद टायर: दिसायला झकास, पिकअपला घातक

स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतात, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. रिम वेगळी, रुंदी वेगळी, पण चाकाची एकूण उंची जवळपास सारखीच: ६२० आणि ६२१.५ मिलिमीटर. हा योगायोग नाही. उंची बदलली की सगळं गिअरिंगच बदलतं.

आता 'लूक' साठी २०५/६५ आर १५ टाकले, तर उंची होते ६४७.५ मिलिमीटर. म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त वाढ, आणि रस्त्यावरचा जोर तेवढाच कमी. फायनल ड्राइव्ह ४.१ वरून ३.९३ केल्यासारखं हे झालं. म्हणजे पैसे मोजून गाडी हळू केली! वर स्पीडोमीटरही फसवतो. तो पूर्वी बरोबर दाखवत असेल, तर आता १०० दाखवताना गाडी १०४ ने धावत असते. त्यात जड अलॉय व्हील टाकले, तर ते फिरवायला आणखी जोर लागतो.

रेसिंग क्लच खरंच लागतो का?

क्लचचं काम एकच: इंजिनचा टॉर्क न घसरता पुढे पोहोचवणं. तो स्वतः टॉर्क तयार करत नाही. आताची क्लच प्लेट घसरत नसेल, तर महागडा हेवी ड्युटी क्लच टाकून गाडी तसूभरही जास्त पळणार नाही. उलट पेडल जड होतं. त्यातही सिरॅमिकचा क्लच असेल, तर गाडी सोडताना झटके बसतात. संध्याकाळी उल्हासनगरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर असा क्लच दाबायचा म्हणजे पायाला शिक्षाच.

पण जुन्या किंवा सेकंड हँड गाडीत खरा गुन्हेगार बऱ्याचदा झिजलेली प्लेटच असते. तपासणी सोपी आहे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाने जाताना एक्सलेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झटकन वर गेला आणि वेग मात्र रेंगाळला, तर क्लच घसरतोय. नेरळहून माथेरानचा घाट चढताना जळका वास आला, तर हाफ क्लचची सवय किंवा प्लेट, दोन्हींवर संशय घ्या. अशा वेळी कंपनीच्याच मापाची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलून घ्या. हरवलेला पिकअप परत आल्यासारखं वाटेल, कारण तो खरंच परत आलेला असतो.

हलकं फ्लायव्हील आणि एलएसडी

फ्लायव्हील हलकं केलं की इंजिनचे फेरे पटकन चढतात. याचा फायदा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थोडा जाणवतो, वरच्या गिअरमध्ये जवळपास नाहीच. बदल्यात गाडी उभी असताना इंजिन थरथरतं आणि मुंगीच्या पावलांनी सरकताना गाडी वारंवार बंद पडू शकते.

एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचं काम वेगळं आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात किंवा ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरू लागलं, की दुसऱ्या चाकाचाही जोर जातो. एलएसडी तो जोर पकड असलेल्या चाकाकडे वळवतो. पण कोरड्या, सरळ रस्त्यावर ९० हॉर्सपॉवरच्या गाडीची चाकं घसरतच नसतील, तर एलएसडीला करण्यासारखं काही उरत नाही.

मग खर्चाचा क्रम काय?

पहिला खर्च शून्य रुपयांचा: टायरमधली हवा योग्य ठेवा, डिकीतलं अनावश्यक ओझं काढा आणि ओव्हरटेक करताना चौथ्याऐवजी तिसरा गिअर टाका. वर पाहिलेलं ७ टक्क्यांचं गणित इथे फिकं पडतं. चौथ्यातून तिसऱ्यात आल्यावर चाकाचा जोर साधारण पाव ते एक तृतीयांश वाढतो.

दुसरा खर्च क्लचचा, तोही तपासणीत घसरताना दिसला तरच. तिसरा टायरचा: मूळ उंचीचे आणि चांगल्या पकडीचे. पावसाळ्यात पिकअपपेक्षा गाडी वेळेवर थांबणं महत्त्वाचं, आणि तिथेही हेच टायर कामी येतात. फायनल ड्राइव्ह सगळ्यात शेवटी, आणि एलएसडी ट्रॅकवर उतरणाऱ्यांसाठी.

आरटीओ आणि विमा विसरू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूळ मापाची क्लच प्लेट बदलणं ही दुरुस्तीच. पण इंजिन किंवा गिअरबॉक्समध्ये त्याहून मोठा बदल मनात असेल, तर एमएच ०५ च्या मालकांनी आधी कल्याण आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर क्लेम अडकू शकतो. तेव्हा वाचलेले दोन सेकंद खूप महागात पडतात.

आणि वेगाची हौस भागवायचीच असेल, तर लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा झाली आहे. तिथे समोरून रिक्षा येत नाही. काटई-बदलापूर रस्त्यावर मात्र ती कधीही येऊ शकते.