विचित्रपणाचे कारागीर

एक महाकंजूष माणूस. रस्त्यात पडलेल्या चेरी वेचून घरी आणतो आणि टाकायचं काही नाही या हिशेबाने बियांसकट खाऊन टाकतो. काही दिवसांनी त्याच्या डोक्यावर कोंब फुटतो. तो छाटतो, कोंब पुन्हा येतो. शेवटी कंटाळून तो छाटणं सोडून देतो, झाड वाढतं आणि वसंतात बहरतं. मग जपानी रिवाजाप्रमाणे मंडळी फुलं बघायला जमतात. त्याच्या टाळूवर चटया अंथरल्या जातात, दारू चढते, गाणी होतात, कचरा पडतो. वैतागून तो झाड मुळासकट उपटतो, तर डोक्याला खड्डा पडतो. त्यात पावसाचं पाणी साठतं. कंजूषच तो, फुकटचं पाणी कसं सोडेल? आता लोक तिथे पोहायला आणि मासे पकडायला येऊ लागतात. शेवटी हा गृहस्थ आपल्याच डोक्यावरच्या तळ्यात बुडून मरतो.

कोजी यामामुरा यांचा ‘अतामायामा’ हा 2002 सालचा, अवघ्या दहा मिनिटांचा चित्रपट. गोष्ट जुनी आहे. राकुगो या एकपात्री कथाकथनाच्या परंपरेतली ही कथा यामामुरांनी आजच्या शहरात आणली आणि शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीने निवेदकाकडून सांगवली. ॲनेसीच्या ॲनिमेशन महोत्सवात चित्रपटाला लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि ऑस्करचं नामांकनही. चित्रपटात एकही माणूस ‘डोक्यावर झाड कसं काय?’ असं विचारत नाही. एक अशक्य गोष्ट सुरुवातीलाच मान्य करून घेतली जाते. त्यानंतर सगळं काटेकोर हिशेबाने घडतं: झाड म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे कचरा, खड्डा म्हणजे पाणी. विचित्र जपानी ॲनिमेशन बघताना मजा येते ती या शिस्तीमुळे. वेडेपणा असतो, पण तो पाळला जातो. मनाला येईल ते काढलं असं कुठेच वाटत नाही.

आपल्याकडे असल्या चित्रपटांविषयी बोलताना दोन सूर लागतात. एक, ‘कार्टून म्हणजे पोरांचं’. दुसरा त्याहून त्रासदायक, कारण तो चाहत्यांचाच असतो: हे कुणा झपाटलेल्या, एकांड्या माणसाने बाजाराला लाथ मारून केलेलं गूढ काम आहे आणि त्याचा ‘खरा अर्थ’ शोधून काढला पाहिजे. मला दोन्ही पटत नाहीत. या विचित्रपणाचं बरंचसं श्रेय ज्यांना जातं ती माणसं धंद्यात मुरलेली होती. दर आठवड्याला मालिकेचा भाग वेळेवर देणारे हे लोक.

आपल्या पोरांनी हंगामा वाहिनीवर ज्या शिनचॅनला डोक्यावर घेतलं, त्या मालिकेवर आणि तिच्या चित्रपटांवर मासाआकी युआसा यांनी उमेदीची कितीतरी वर्षं काढली. वाकडीतिकडी घरं, रबरासारखे ताणले जाणारे देह, भलत्याच कोनातून दिसणारा रस्ता हे सगळं तिथे चालून जायचं, कारण मुळात शिनचॅनच वाकड्या रेषेचा. याच युआसांनी 2004 साली ‘माइंड गेम’ केला. त्यातला नायक निशी हा भित्रा पोरगा एका गुंडाच्या गोळीने, अतिशय लाजिरवाण्या तऱ्हेने मरतो. वर गेल्यावर त्याची देवाशी गाठ पडते. हा देव क्षणाक्षणाला रूप बदलतो. एका वाक्याच्या सुरुवातीला तो एक असतो, वाक्य संपेपर्यंत तिसराच कुणीतरी, आणि बोलणं मात्र एखाद्या कंटाळलेल्या कारकुनासारखं चालू. सांगितलेली दिशा न जुमानता निशी उलट धाव घेतो, परत जिवंत होतो आणि पुढचा बराचसा चित्रपट एका देवमाशाच्या पोटात घडतो. मधूनच रेखाटलेल्या चेहऱ्यावर आवाज देणाऱ्या नटाचा खराखुरा फोटो चिकटवलेला दिसतो. पहिल्यांदा बघताना वाटतं, रीळ बदललं की काय! दुसऱ्यांदा लक्षात येतं की हे फोटो अगदी मोक्याच्या जागी येतात. रेषेला जो संकोच दाखवता येत नाही तो खऱ्या मांसाच्या चेहऱ्यावर दिसतो.

ही मोकळीक कुठून आली? थोडी गरिबीतून. 1 जानेवारी 1963 रोजी ओसामु तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ जपानी टीव्हीवर सुरू झाली, ती निर्मितीखर्चाहून कमी दरात. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा आणि पैसे अपुरे, तेव्हा चित्रांची संख्या कापणं आलं. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 चौकटी असतात. डिस्नेच्या पद्धतीत सेकंदाला 12 ते 24 चित्रं काढत, इथे 8 किंवा त्याहून कमीवर भागवलं जाऊ लागलं. फक्त ओठ हलायचे, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकायचा, जुनी दृश्यं पुन्हा वापरायची. या काटकसरीने जपानी ॲनिमेशन कंगाल झालं असं म्हणणारे आजही आहेत, आणि कामगारांच्या मजुरीपुरतं ते खोटं नाही. पण पडद्यावर तिचा एक वेगळाच परिणाम झाला. सगळंच हलत नाही म्हटल्यावर काय हलवायचं हे ठरवावं लागलं. स्थिर चौकट, तिचा रंग, तिच्यातली रिकामी जागा यांना वजन आलं. स्तब्ध चित्र खूप वेळ दाखवलं तरी प्रेक्षक उठून जात नाही, हे या मंडळींना पोटासाठी काम करताना कळलं.

तेझुका स्वतःही या बाबतीत दुटप्पी होते, चांगल्या अर्थाने. एका हाताने मालिकांची चक्की, दुसऱ्या हाताने खिशातले पैसे घालून प्रयोग. त्यांचा 1984 सालचा ‘जंपिंग’ म्हणजे सुमारे सहा मिनिटांच्या सलग उड्या. उडी मारणारा कधी दिसत नाही, आपणच त्याच्या डोळ्यांनी वर जातो आणि खाली येतो. रस्ता, मग शहर, मग समुद्र, मग युद्ध. दर उडीला सगळी पार्श्वभूमी नव्याने रेखाटायची, म्हणजे मालिकेत जी उसनवारी चालते तिच्या नेमकं उलट. त्यांच्याच मुशी प्रॉडक्शनने, तेझुका तिथून बाहेर पडल्यानंतर, एइची यामामोतो यांच्या दिग्दर्शनाखाली 1973 मध्ये ‘बेलाडोना ऑफ सॅडनेस’ काढला. जलरंगातली लांबच लांब चित्रं आणि त्यांवरून सरकणारा कॅमेरा. तो स्टुडिओ त्याच वर्षी बुडाला. पैसा नसताना काढलेला चित्रपट, पण काटकसरीच्या तंत्राचं असं सौंदर्य तोवर कुणी केलं नव्हतं.

आणि अर्थात ‘एंजल्स एग’. मामोरु ओशी आधी ‘उरुसेइ यात्सुरा’ या लोकप्रिय विनोदी मालिकेचे दिग्दर्शक होते. 1984 मध्ये त्याच मालिकेच्या दुसऱ्या चित्रपटात त्यांनी सगळ्या पात्रांना एकाच दिवसात अडकवून टाकलं. शाळेच्या उत्सवाच्या आदला दिवस, पुन्हा पुन्हा तोच. पुढच्याच वर्षी, योशिताका आमानो यांची चित्रशैली आणि तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेचा पैसा घेऊन, त्यांनी थेट व्हिडिओसाठी जवळपास संवादहीन असं हे काम केलं. ओसाड शहर, कपड्याखाली एक मोठं अंडं जपत फिरणारी मुलगी, क्रूसासारखं शस्त्र खांद्यावर घेतलेला तरुण. एका प्रसंगात पुतळ्यांसारखे उभे असलेले कोळी अचानक जिवंत होतात आणि भाले घेऊन धावतात. कशामागे? प्रचंड माशांच्या सावल्यांमागे. सावल्या भिंतींवरून, कौलांवरून, रस्त्यांवरून पोहत जातात. भाले सुटतात, दगडात घुसतात, खिडक्या फुटतात. मासा कुठेच नाही. मुलगी थंडपणे म्हणते ते अशा अर्थाचं, की मासे नसले तरी ही माणसं त्यांचा पाठलाग करतातच. या दृश्यावर श्रद्धेपासून अर्थव्यवस्थेपर्यंत कसलेही निबंध लिहिता येतील आणि लिहिले गेलेतही. मला मात्र दर वेळी त्या भाल्यांचा आवाज आणि फुटलेल्या दगडांचे तुकडे आठवतात. सावलीला वजन नाही, भाल्याला आहे, आणि हे आपल्याला ऐकू येतं.

‘एंजल्स एग’ चालला नाही. त्यानंतर बराच काळ आपल्याला काम मिळेनासं झालं, असं ओशी सांगत आले आहेत. पण 1995 मध्ये याच माणसाने ‘घोस्ट इन द शेल’ केला आणि जगभर नाव झालं. ‘एंजल्स एग’ची नवी 4के प्रत 2025 मध्ये कानच्या महोत्सवात दाखवली गेली, म्हणजे चाळीस वर्षांनी.

असली कामं निघाली त्यामागे धंद्यातल्या फटीही आहेत. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटचा बाजार वाढला. टीव्हीचा मध्यस्थ नको आणि चित्रपटगृहाचंही भाडं नको. नव्वदच्या दशकात टीव्हीवरच्या मध्यरात्रीच्या वेळा स्वस्तात मिळू लागल्या. प्रकाशक, संगीत कंपनी, व्हिडिओ कंपनी यांनी मिळून निर्मिती समिती करायची आणि नुकसान वाटून घ्यायचं, ही पद्धत रुळली. एकट्याने कुणी बुडत नाही म्हटल्यावर ‘सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन’सारखी मालिका 1998 मध्ये मध्यरात्री दाखवता आली. शाळकरी मुलगी, तिचा संगणक, विजेच्या तारांची न थांबणारी घरघर आणि डांबरी रस्त्यावरच्या सावल्यांत उमटलेले लालसर डाग. तेरा भागांत कथानक किती, हे विचारू नये. पण इंटरनेट घराघरात पोचण्याआधीच घरात एकटं बसून जगाशी जोडलेलं असण्याची भीती या मालिकेने इतकी नेमकी पकडली की आज ती अधिकच अंगावर येते.

या फटीत सगळंच चालून गेलं असं नाही. ‘इव्हँगेलियन’च्या शेवटच्या दोन भागांत 1996 साली यंत्रमानवांच्या लढाईऐवजी पेन्सिलची कच्ची रेखाटनं, स्थिर फोटो आणि नायकाचं मनोगत आलं, तेव्हा चाहते भडकले. पुढच्या वर्षीच्या चित्रपटात त्यांची चिडकी पत्रं पडद्यावर झळकवून दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी हिशेब चुकता केला. उलट 2011 सालच्या ‘मादोका माजिका’त जादूगार मुलींच्या गोंडस गोष्टीत मधूनच कात्रणकामाचं कोलाज-जग उघडतं आणि सगळा गोंडसपणा कुठल्या कुठे जातो. ती मालिका मात्र तुफान चालली. प्रेक्षक विचित्रपणाला घाबरत नाही, फसवलं गेल्याची भावना त्याला सहन होत नाही, एवढाच माझा अंदाज.

कुठून सुरुवात करावी असं विचारलं तर ‘अतामायामा’ आणि मग ‘कॅट सूप’ सांगेन. तात्सुओ सातो यांचा 2001 सालचा, अर्ध्या तासाच्या आसपासचा हा चित्रपट; युआसांचा त्यातही हात होता. मरणाच्या दारातून बहिणीचा अर्धाच आत्मा हिसकावून आणलेला मांजराचा पिल्लू-भाऊ उरलेला अर्धा शोधायला निघतो. वाटेत वाळवंटात पाण्याचा हत्ती भेटतो. बोललेले संवाद नाहीत, त्यामुळे उपशीर्षकांचीही फारशी कटकट नाही. सातोशी कोन यांचा ‘पाप्रिका’ त्यानंतर, आणि तो मोठ्या पडद्यावर मिळाला तर बरं. फ्रिज, बेडूक, बाहुल्या अशी वाजतगाजत निघालेली मिरवणूक मोबाइलच्या पडद्यावर बघणं म्हणजे तिचा अर्धा मोठेपणा घालवणं. ‘लेन’ पहिल्या तीन भागांत धरत नसेल तर खुशाल सोडावी. ‘बेलाडोना’त लैंगिक हिंसेची दृश्यं आहेत, तेव्हा ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून तो रविवारी दुपारी पोराबाळांसमोर लावू नये.